लंडन ते पॅरिस: विमान की युरोस्टार?

सरळ रेषेत अंतर जेमतेम ३४४ किलोमीटर. विमान सव्वा तासात पोहोचवतं, युरोस्टार रेल्वेला सुमारे सव्वादोन तास लागतात. पण हीथ्रो विमानतळ गाठा, तपासणीच्या रांगेत उभे राहा, पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर उतरून शहरात यायला पुन्हा लोकल पकडा. अर्धा दिवस गेलाच! युरोस्टारला तास-सव्वा तास आधी पोहोचलं की पुरे. फ्रान्सची पासपोर्ट तपासणीही लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनातच उरकते. मग १९९४ मध्ये खुल्या झालेल्या, ५० किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून समुद्राखालून थेट गार द्यु नोर स्टेशनात, म्हणजे ऐन पॅरिसात. मी तरी रेल्वेच निवडेन. तिकीट मात्र लवकर काढा, आयत्या वेळी फार महाग पडतं. भारतीय पासपोर्टवाल्यांना ब्रिटनच्या व्हिसाखेरीज फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा हवाच, कसंही जा.