खुपते तिथे गुप्ते (2023 चा सीझन): राजकारण आणलंत ते बरं केलंत, पण अर्धंच आणलंत

आधीच सांगून टाकते, पाचपैकी तीन स्टार. आणि कशासाठी कापले ते पण सांगते, कारण माझी तक्रार बाकीच्यांच्या बरोब्बर उलटी आहे. या शोबद्दल कोणालाही विचारा, पहिलं वाक्य हेच येतं की अहो न्यूज चॅनलवाले दिवसभर डोकं खातातच, निदान रविवारी रात्री जेवताना मनोरंजनाच्या चॅनलवर तरी हे राजकारणी नकोत. आमच्या सासऱ्यांचं पण हेच म्हणणं, आणि प्रत्येक एपिसोड शेवटपर्यंत बघणारे घरात तेच एकटे. मला विचाराल तर राजकारण हवंच, पण आणायचं तर पूर्ण आणा.

ज्यांनी बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झी मराठीवर जून 2023 मधे सुरू झाला, दर रविवारी रात्री नऊला. आधीचे सीझन होऊन दहाएक वर्षं झाली होती. होस्ट अवधूत गुप्ते, समोर एक पाहुणा, त्याला जुने व्हिडिओ दाखवायचे, त्याच्याबद्दल कोण काय बोललं ते ऐकवायचं, टोकदार प्रश्न हसत हसत टाकायचे, आणि मधेच कोणाला तरी खोटा खोटा फोन लावायला सांगायचं. कलाकार पण येतात, पण खरी गर्दी झाली ती नेत्यांच्या भागांना. पहिलाच पाहुणा राज ठाकरे, मग एकनाथ शिंदे जे तेव्हा मुख्यमंत्री होते, नारायण राणे, संजय राऊत, नितीन गडकरी. टायमिंग पण काय मिळालं बघा, शिवसेना फुटून जेमतेम वर्ष झालेलं, आणि सीझन चालू असतानाच 2 जुलैला अजित पवार राजभवनावर जाऊन शपथ घेऊन आले, तो पण रविवारच होता. म्हणजे दुपारी न्यूजवर जे बघितलं त्याच्यापुढे रात्री नऊचा कुठलाही शो फिका पडणार.

राज ठाकरेंचा भाग पहिला बघा. त्यात त्यांना उद्धव आणि त्यांचं जुनं फुटेज दाखवलंय आणि ते हळवे होतात, आणि तिथे गुप्तेने घाई केली नाही, थांबला, ते आवडलं मला. आता परत बघितलं तर आणखी मजा येते, कारण 5 जुलै 2025 ला वरळीला दोघं भाऊ खरंच एका स्टेजवर आले. 2023 ला बघताना आमच्याकडे सगळे म्हणत होते की हे काय, टीआरपीसाठी रडवतात, आणि दोन वर्षांनी तेच फुटेज व्हॉट्सॲपवर फिरवणारे पण आमच्याकडचेच.

पण इथेच माझं पहिलं खुपणं. सगळ्या नेत्यांना विचारायचं काय तर कोणाने मन दुखावलं, कोणाची आठवण येते, कोण परत बोलेल का. भाऊ, काका, गुरु, शिष्य, गद्दार, निष्ठावंत. महाराष्ट्राचं राजकारण म्हणजे संध्याकाळी सातची मालिका असल्यासारखं, फक्त सासूच्या जागी पक्षप्रमुख. खातं कसं चालवलं, शहराचं काय केलं, निधी कुठे गेला, यातलं निघालंच तर पटकन हसण्यावारी जातं. मान्य की हा काही मुलाखतीचा न्यूज शो नाही, माझी ती अपेक्षा पण नाही, पण टोकदार प्रश्न टाकल्यावर उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा प्रश्न तरी टाका ना. गुप्ते पहिला प्रश्न झकास टाकतो आणि मग सोडून देतो. आणि हा माणूस घाबरट अजिबात नाहीये, म्हणून तर जास्त खुपतं.

घाबरट नाही हे कशावरून म्हणते, तर याच माणसाने 2010 मधे झेंडा काढला होता, दोन भावांच्या भांडणात जो साधा कार्यकर्ता भरडला जातो त्याच्यावरचा सिनेमा. त्यातल्या एका पात्रावरून नारायण राणेंचा मुलगा नितेश राणेंच्या स्वाभिमान संघटनेने आक्षेप घेतला आणि रिलीज लांबलं. आता पुढचं बघा. 2021 मधे त्याच झी मराठीवर चला हवा येऊ द्यामधे नारायण राणेंसारखं पात्र दाखवलं, समर्थक भडकले, आणि डॉ. निलेश साबळेंना जाऊन राणेंना भेटून दिलगिरी व्यक्त करावी लागली. आणि 2023 मधे राणे त्याच चॅनलवर गुप्तेसमोर पाहुणे म्हणून बसलेत, हसतायत, गप्पा मारतायत, सगळं छान छान.

हे एकापाठोपाठ एक ठेवलं की मला कळतं भानगड कुठे आहे. मनोरंजनात राजकारण चालतं की नाही हा वाद आपण उगीच घालतो, चालतंच आहे की. नेता स्वतः येऊन बोलला तर तो प्रोमो होतो, त्याचं पात्र करून कोणी विनोद केला की माफी होते. मी एकट्या राणेंबद्दल बोलत नाहीये हां, सगळ्या पक्षांची हीच तऱ्हा. 2025 च्या मार्चमधे कॉमेडियन कुणाल कामराने शिंदेंवर गाणं केलं तर मुंबईत खारच्या हॅबिटॅट या कॉमेडी क्लबमधे शिवसैनिकांनी तोडफोड केली, तो टीव्ही नव्हता हे खरं, पण शिंदे तर याच शोच्या खुर्चीत आरामात बसून गेले होते ना. हिंदीत 2017 ला श्याम रंगीलाची मोदींची मिमिक्री स्टार प्लसच्या लाफ्टर चॅलेंजमधे शूट होऊन पण दाखवलीच नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे झी तमिळ, जानेवारी 2022, लहान मुलांच्या शोमधे दोन पोरांनी एका राजाची आणि नोटा बंद करण्याची नक्कल केली, तर भाजपच्या तिथल्या लोकांनी तक्रार केली आणि केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची नोटीस चॅनलला. पोरं हो, लहान पोरं.

आणि ज्यांना राजकारण अजिबातच नको असतं ना, त्यांना एक विचारायचंय, 2019 च्या एप्रिलमधे तुम्ही कुठे होता? लोकसभेची आचारसंहिता चालू असताना भाबीजी घर पर हैं मधली पात्रं उज्ज्वला आणि स्वच्छ भारतचं कौतुक करत होती, आणखी एका मालिकेत मुद्रा योजनेचं. काँग्रेसने तक्रार केल्यावर निवडणूक अधिकाऱ्यांनी नोटिसा काढल्या. तोपर्यंत आमच्या घरात कोणीही म्हणालं नाही की मालिकेत राजकारण कशाला, कारण ते कौतुक होतं, गोडगोड होतं, आणि बाई भाजी चिरता चिरता बोलत होती. मला विचाराल तर खरा गोंधळ तो आहे. राज ठाकरे समोर बसून बोलतात तेव्हा निदान मला माहीत असतं की हा पक्षाचा माणूस आहे आणि याला मतं हवीयत, मी तेवढं मीठ लावूनच ऐकते. मालिकेतल्या वहिनीचं मी तसं ऐकत नाही.

आपल्याकडे तर हे नवीन पण नाही. तमाशात गवळण संपली की बतावणीत सोंगाड्या पाटलापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची घ्यायचा, पुढच्या रांगेत तो पाटील स्वतः बसलेला असायचा, आणि लोक त्याच्यासाठीच थांबायचे. तिथे सोंगाड्याच्या हातात माइक होता. या शोमधे माइक नेत्याच्या हातात आहे आणि होस्ट टाळ्या वाजवतो, एवढाच माझा मुद्दा.

असो, शोवर येते परत, नाहीतर हे लांबतच जाईल. गुप्ते होस्ट म्हणून खरंच मस्त आहे. मुख्यमंत्री असला म्हणून वाकून बोलत नाही, आणि उगाच अंगावर पण जात नाही, आणि स्वतः गाणारा असल्यामुळे कलाकारांच्या भागात वेगळीच मजा येते, तिथे तो सैल सुटतो. संजय राऊतांचा भाग मला वाटलं होतं की नुसती सकाळची पत्रकार परिषद असणार, पण त्यांनी 2022 मधे तुरुंगात जवळजवळ शंभर दिवस काढलेत आणि तो माणूस नेहमीच्या आवेशातून जरा बाहेर आलेला बघायला मिळाला, तो भाग चुकवू नका. फोनवाला प्रकार मला पहिल्यांदा आवडला, नंतर कंटाळा आला, कारण नेता खोट्या फोनवर पण भाषणच करतो. व्हिडिओखाली वाजणारं ते दर्दभरं म्युझिक निम्मं केलं तरी चालेल, आम्हाला रडायचं असेल तर आम्ही आपले आपण रडू.

एडिटिंग टीव्हीच्या हिशोबाने ठीक आहे, ब्रेकच्या आधी प्रश्न आणि ब्रेकनंतर उत्तर हे सगळीकडेच असतं. फक्त प्रोमोमधे जो प्रश्न बॉम्बसारखा दाखवतात तो खऱ्या एपिसोडमधे बऱ्याचदा फुसका निघतो, तेवढी तयारी ठेवा.

कोणी बघावा? ज्यांना 2022 ते 2024 चं महाराष्ट्राचं राजकारण लक्षात ठेवायचंय त्यांनी नक्की, कारण कोण तेव्हा कोणाबद्दल कसं बोलत होतं हे असं निवांत कुठे मिळणार नाही, आणि त्यातले अर्धे आज वेगळ्या जागी बसलेत. घरात दोन पक्षांचे लोक असतील तर एकत्र बघा, आमच्याकडे सासरे आणि नवरा दोघं एरवी एकमेकांशी या विषयावर बोलत नाहीत पण हा शो बघताना बोलले, भांडले म्हणा. ज्यांना फक्त हसायचंय त्यांनी हास्यजत्रा लावावी.

पुढचा सीझन काढलाच तर एकच करा, नेत्याच्या बाजूला त्याची मिमिक्री करणारा एक कलाकार बसवा, त्याला पाच मिनिटं द्या, आणि ते कापू नका. तेवढं केलंत तर वरचे दोन स्टार पण देईन.