शाळेत आरोग्य शिकवायचं की वस्तीत?

माझी भाची यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आरोग्यशिक्षणात काम करायचं हे पक्कं, पण शाळेत की वस्तीत, यावर घरात रोज चर्चा.

शाळेसाठी बी.एड. हवं. 2015पासून ते दोन वर्षांचं आहे. मात्र आपल्याकडे फक्त 'आरोग्य' शिकवायला शिक्षक सहसा घेत नाहीत. विज्ञान किंवा शारीरिक शिक्षण शिकवतानाच ते करावं लागतं. 2020च्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात शाळेमागे दोन शिक्षकांना आरोग्यदूत करण्याची तरतूद आहे, म्हणजे पाळी, आहार, व्यसन यांवर बोलायला हक्काची जागा. शिवाय तीच मुलं वर्षभर समोर असतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

वस्तीचं काम वेगळंच. मुंबईत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, आणि गोवंडीच्या गल्ल्या तिथून जवळच. तिथे फळा नाही, घंटा नाही. साध्या टीबीचं औषधही सहा महिने घ्यावं लागतं. दोन महिन्यांत बरं वाटलं की माणूस गोळ्या सोडून कामावर जातो, कारण खाडा म्हणजे मजुरी बुडाली. त्याला रागावून चालत नाही. त्याच्या बायकोशी, मुकादमाशी बोलावं लागतं, तेही रात्री, तो घरी आल्यावर. नोकऱ्या बहुतेक प्रकल्पापुरत्या, कंत्राटी. तरी भाचीचा स्वभाव बघता मी वस्तीच सुचवली. अनोळखी दारात उभं राहून ती पाच मिनिटांत पाणी मागून बसते.

फॉर्म भरण्याआधी आठवडाभर एखाद्या आरोग्यसेविकेबरोबर फिर, एवढं मात्र तिला सांगितलंय.