सेकंडहँड नॅस घेताय? डिस्कवर दिसणारे वापराचे तास खोटे असू शकतात

पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास कंपन्यांमधून निघालेला माल विकणारे बरेच जण आहेत, त्यातले कित्येक सरळ आहेत, माझा मॉनिटर तिकडचाच आणि मस्त चाललाय. पण नॅसच्या, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायच्या स्टोरेज बॉक्सच्या बाबतीत जे चाललंय ते लिहितोच, कारण मला ते २६ हजारांना पडलंय.

दोन बेचा, म्हणजे दोन ड्राइव्ह बसतील असा बॉक्स, आत ८ टीबीच्या दोन सीगेट आयर्नवुल्फ, म्हणजे नॅससाठीच्या हार्ड ड्राइव्ह. घरचे फोटो, कॅसेटवरून उतरवलेले लग्नामुंजीचे व्हिडिओ एका जागी ठेवायचे होते, नव्या ड्राइव्हची किंमत बघून घाम फुटला म्हणून सेकंडहँड. दुकानदार म्हणाला, "साहेब, हिंजवडीच्या कंपनीचा लॉट आहे, बॅकअपसाठी घेतलेला, प्रोजेक्टच बंद पडला, पेटीपॅक समजा." आणि नुसतं बोलला नाही, ड्राइव्ह काढून डॉकमध्ये घातला, ड्राइव्हची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून दाखवलं, निळ्या चौकटीत 'गुड' आणि पॉवर ऑन अवर्स, म्हणजे ड्राइव्ह चालू राहिल्याचे तास, २१२. आता एवढं समोर दाखवल्यावर माणूस अजून काय बघणार? १५ दिवस चेकिंग वॉरंटी, बिल मागितलं तर साध्या कागदावर, जीएसटी नंबर वगैरे काही नाही.

घरी आणून बॉक्स फॅक्टरी रीसेट केला, रेड वन लावलं, म्हणजे दोन्ही ड्राइव्हवर तोच डेटा, आणि कॉपी करताना मधेच स्पीड एकदम पडायला लागला. आधी वाटलं राउटर, मग लॅन केबल बदलून बघितली, तेच. शेवटी दोन्ही ड्राइव्ह काढून थेट पीसीला लावले आणि लिनक्समधून तपासले. स्मार्टमध्ये, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवतो तिच्यात, तेच २१२ तास, रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) शून्य, सगळं गोड गोड. पण सीगेटच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, तो स्मार्टपासून स्वतंत्र, आणि ज्यांनी स्मार्ट पुसलं त्यांनी तिकडे हात लावलेला नव्हता. तिथे आकडा आला ४१ हजारांच्या वर! वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे चोवीस तास चालू धरला तरी साडेचार वर्षं घासलेला ड्राइव्ह. गाडीचं किलोमीटर मागे फिरवतात ना, तसलाच प्रकार.

दुसऱ्याची तर वेगळीच कथा. वर स्टिकर आयर्नवुल्फचं, मॉडेल नंबरात व्हीएन, पण ड्राइव्हला विचारलं तर तो स्वतःला व्हीएक्स म्हणतोय, म्हणजे स्कायहॉक, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये घालतात तो. सिरीयल नंबरही स्टिकरशी जुळत नाही. नीट उजेडात धरला तेव्हा स्टिकरची एक कड जराशी वर आलेली, आणि साटाच्या, म्हणजे केबल लागते तिथल्या सोनेरी पिनांवर घासल्याच्या रेघा, ज्या दोनशे तास चाललेल्या ड्राइव्हवर एवढ्या पडत नाहीत. स्क्रूच्या भोकांच्या कडाही झिजलेल्या.

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेले सीगेट ड्राइव्ह स्मार्ट पुसून चक्क नवे म्हणून विकल्याचं हायझे या तिकडच्या टेक न्यूज साइटच्या पत्रकारांनी बाहेर काढलं, ते बहुतेक चिया नावाच्या क्रिप्टोच्या मायनिंगमधले असावेत असा संशय होता. तिथेही फार्म लॉगनेच पकडले गेले. तिकडे नवे म्हणून गेले, तर इकडे जुन्या बाजारात काय होत असेल याचा अंदाज करा.

तर घेणाऱ्यांनी दुकानातच लॉग बघायचा. ड्राइव्ह तपासायच्या स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरचं ७.४ किंवा नंतरचं व्हर्जन पेनड्राइव्हवर घेऊन जा, त्यात फार्म वाचता येतो, आणि फार्मचे तास व स्मार्टचे तास जुळले पाहिजेत. दुकानदार जी शॉर्ट टेस्ट लावून दाखवतो ती दोन मिनिटांत संपते, तिच्यावर जाऊ नका, ८ टीबीची एक्स्टेंडेड टेस्ट अर्ध्या दिवसाच्या वर चालते, ती घरी आणल्या आणल्या लावा, डेटा नंतर टाका. माझ्या पहिल्या ड्राइव्हला त्यातच पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, दिसायला लागले. आणि बॉक्सचे अपडेट चालू आहेत का तेही बघा, डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्हचे अपडेट २०१५ला थांबले होते आणि जून २०२१मध्ये कुणीतरी बाहेरून शिरून लोकांचे ड्राइव्ह साफ केले, लोक सकाळी उठून बघतात तर सगळं रिकामं.

दुकानात परत गेलो तर दुकानदाराचा सूर बदललेला. "आम्ही लॉट जसा येतो तसा विकतो, तास कुणी बदलले आम्हाला काय माहिती." फार्मचा स्क्रीनशॉट दाखवला तर म्हणे असलं काही नसतं. बराच वेळ उभा राहिलो, आवाज वाढला, बाकीचं गिऱ्हाईक ऐकायला लागलं तेव्हा कुठे ८ हजार परत दिले आणि "परत येऊ नका" म्हणाला. १९१५ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीये, पेमेंट यूपीआयने केलं होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "२१२ तास, आयर्नवुल्फ" असं त्याने स्वतः लिहिलेलं आहे, तेवढाच काय तो पुरावा, पक्कं बिल असतं तर एवढं भांडावं लागलं नसतं.

बॉक्स ठीक आहे, तो ठेवलाय. काल ऑनलाइन जाहिरात दिसली, मागे त्याच दुकानाचं काउंटर, दोन बेचा नॅस, ८ टीबीचे दोन, "फक्त १९० तास". पुण्यात कुणी त्याच्यामागे असेल तर पैसे पाठवायच्या आधी फार्म लॉगचा फोटो मागा.