ईआरपीनेक्स्टमधील देखभाल व्यवस्था: एका साखर कारखान्याचा अनुभव

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे लेखे, साठा, मालमत्ता अशी कामे एकत्र सांभाळणारे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आमच्या साखर कारखान्याने यंत्रांच्या देखभालीसाठी वापरायला घेतले, त्याला एक गाळप हंगाम पूर्ण झाला. परवान्याचे शुल्क नसले तरी सर्व्हरचा आणि बसवून देणाऱ्या माणसांचा खर्च असतोच. तेव्हा संचालक मंडळापुढे ‘फुकट’ हा शब्द काढू नये.

नियोजनातला सर्वाधिक वेळ यंत्रांच्या यादीत गेला. येथे देखभालीचे वेळापत्रक लावायचे तर ते यंत्र आधी मालमत्ता म्हणून नोंदलेले असावे लागते. म्हणजे घसारा मोजणारा लेखा विभाग आणि हातात पाना घेणारा अभियांत्रिकी विभाग यांची यादी एकच हवी. आमच्या लेख्यांत ‘मिल हाऊस यंत्रसामग्री’ अशी एकच ओळ होती, तर फिटरांना तिसऱ्या मिलचा गिअरबॉक्स, केन कॅरियर (ऊस मिलकडे वाहून नेणारे यंत्र) आणि रसाचा पंप वेगवेगळे हवे होते. जुनी यंत्रे खरेदीच्या कागदांशिवाय नोंदवण्याची सोय आहे. पण त्या एका ओळीतली किंमत इतक्या यंत्रांत कशी वाटायची, हे लेखापरीक्षकांसोबत बसूनच ठरवावे लागले. ही बैठक सॉफ्टवेअर बसवण्याआधी उरकावी.

कामांचा कालावधी रोज, आठवडा, महिना यांपासून तीन वर्षांपर्यंत निवडता येतो आणि एखाद्या कामाला प्रमाणपत्र आवश्यक असल्याची खूणही करता येते. बॉयलरच्या वार्षिक तपासणीसाठी ती फार उपयोगी पडली. परंतु सारी मोजणी दिनदर्शिकेवर चालते, यंत्र किती तास फिरले यावर नाही. हंगामात रात्रंदिवस चालणाऱ्या आणि पावसाळ्यात थंड पडलेल्या पंपाला ‘दरमहा ग्रीस’ हा एकच नियम लावणे गैरसोयीचे आहे. म्हणून ओव्हरहॉलिंगची कामे आम्ही वार्षिक ठेवली आणि तासांवर अवलंबून असलेली कामे फोरमनच्या लॉगबुकातच राहू दिली. ही उणीव मोठी आहे.

दुरुस्तीची नोंद मात्र चोख आहे. बिघाड केव्हा झाला, काम केव्हा संपले, कोणते सुटे भाग लागले हे एकाच ठिकाणी येते आणि भाग स्टोअरच्या साठ्यातून वजा होतात. आमच्या स्टोअरकीपरांना सबंध व्यवस्थेतले एवढेच आवडते, आणि त्यांना दोष देता येत नाही.

मोळी टाकण्याच्या, म्हणजे गाळप सुरू होण्याच्या, तोंडावर हे काम कोणी हाती घेऊ नये. आम्ही गाळप बंद झाल्यावर सुरुवात केली, त्यामुळे ओव्हरहॉलिंग चालू असतानाच शिकवणे झाले. फिटरने संगणकावर बसावे हा आग्रह लवकरच सोडला. तो चिठ्ठी भरतो आणि शिफ्टचा फोरमन ती नोंदवतो. पुढील ऑफसीझनमध्ये सहवीजनिर्मितीचे टर्बाइन यात घ्यायचे आहे. तोवर त्याची जुनी वही चालू आहे.