क्रॉन आणि बॅश, आठ महिने वापरून: एका % ने तीन रात्री खाल्ल्या

ऑफिस वागळे इस्टेटला, स्पेअर पार्ट्सची दुकानं चौदा, कल्याण ते पनवेल. रोज रात्री प्रत्येक दुकानाची विक्रीची फाइल येते. ती साफ करून एकत्र करायची. तयार सॉफ्टवेअरचा वर्षाचा आकडा ऐकून शेठ म्हणाले, "त्यात मी अजून एक माणूस ठेवीन." म्हणून जुना पीसी, त्यावर उबंटू (फुकटची लिनक्स सिस्टीम), ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा क्रॉन आणि बॅशची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल. खर्च शून्य.

चार महिने बिनबोभाट चाललं. मग मला हुशारी सुचली, की लॉगच्या (कामाच्या नोंदीच्या फाइलच्या) नावात तारीख यावी. तारखेचा नमुना कमांडमध्ये % ने लिहितात. टर्मिनलवर ओळ मस्त चालली, तीच क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीत, टाकली. रात्री दोनला काहीच नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. पाथ तपासला, परवानग्या तपासल्या, मशीन तीनदा रीस्टार्ट केलं. सगळं व्यर्थ. क्रॉनटॅबमध्ये % म्हणजे नवी ओळ! पहिल्या % नंतरचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं, म्हणजे माझी कमांड अर्ध्यात तुटत होती. % च्या आधी \ लावला की झालं. मॅन्युअलमध्ये लिहिलंय हो, पण ते वाचतो कोण? एरर तरी दिसावी? क्रॉन ती मेलने पाठवतो. मशीनवर मेलची सोयच नाही, म्हणून फेकून दिली. पॉल व्हिक्सीने हा क्रॉन १९८७ मध्ये लिहिला. इतक्या वर्षांत एक इशारा द्यायला काय जात होतं?

रागाच्या भरात दोन स्टार देणार होतो. पण त्याच भानगडीत तारीख क्रॉनटॅबमधून काढून स्क्रिप्टमध्ये घेतली: स्क्रिप्टला द्यायचा पहिला पॅरामीटर (माहिती) दुकान, दुसरा तारीख, तारीख नाही दिली तर कालची. मार्चअखेर सीएंना जानेवारीपासूनचे आकडे नव्याने हवे झाले. बाहेर तारखांचा लूप (एकेक तारीख घेऊन तेच काम पुन्हा), आत दुकानांचा. नव्वद दिवस गुणिले चौदा दुकानं, १,२६० वेळा तीच स्क्रिप्ट. दुसऱ्या चहापर्यंत काम खलास. फक्त 'नेरूळ पूर्व'ची पहिल्या फेरीत दोन दुकानं झाली, कारण $1 ला, म्हणजे पहिल्या पॅरामीटरला, अवतरणचिन्हं घालायला विसरलो होतो आणि नाव मधल्या मोकळ्या जागेवर तुटलं. ती चूक माझी.

चार स्टार. पाचवा % ने खाल्ला.

हां, लाइट गेली तर क्रॉन हुकलेलं काम नंतर करत नाही. सकाळी येऊन तारीख देऊन हाताने चालवतो. यूपीएसची बॅटरी मागितलीय. शेठ म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू.