परदेशात खेळलेला कोच की इथलाच लायसन्सवाला? आमचा दोन्हीकडचा अनुभव

या जूनमध्ये चार जणांनी मला हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पुण्यात मुलाला फुटबॉलला घालायचं तर साधारण दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, बाहेरच्या देशात प्रोफेशनल खेळून, बूट टांगून मग कोचिंगमध्ये उतरलेला. दुसरा, खडकी-बोपोडीकडे लोकल लीग खेळलेला, फार वर गेला नाही पण पंचविशीतच कोचिंगचं सुरुवातीचं डी लायसन्स, मग त्याच्या वरचं सी, असं करत करत कोच झालेला. फी, अंतर, टर्फ की माती हे तुम्ही बघालच, त्यात शिरत नाही. आमचा मुलगा दहाचा. आठ महिने पहिल्या प्रकारच्या सरांकडे होता, आता दीड वर्ष दुसऱ्यांकडे आहे. नावं नाही सांगणार, दोघंही माणसं चांगली आहेत.

पहिल्यांचं कौतुक आधी, कारण ते खरंच आहे. परदेशात खेळून येणं म्हणजे नुसतं मिरवायचं काम नसतं. बायचुंग भुतिया १९९९ला इंग्लंडात बरी नावाच्या क्लबला गेला, सुनील छेत्री २०१०ला अमेरिकेत कॅन्सस सिटीला आणि २०१२ला पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबच्या बी टीमला, इथले एवढे मोठे हिरो पण छेत्रीचं तिकडे मैदानापेक्षा बेंचवरच जास्त बसणं झालं. परक्या भाषेच्या ड्रेसिंग रूममध्ये रोज स्वतःची जागा कमवायची म्हणजे काय हे ज्याने भोगलंय त्याच्या बोलण्याला वजन येतंच. आमचे सर सांगायचे, बॉल यायच्या आधी मागे बघून घे, आणि लगेच स्वतः करून दाखवायचे. चाळिशी ओलांडलेला माणूस खांद्यावरून एक नजर टाकतो आणि एका टचमध्ये वळून मोकळा होतो, कट्ट्यावरचे आम्ही सगळे बाप गप्प. आमचं पोरगं तर घरी माठातलं पाणी घेतानासुद्धा मागे वळून बघायला लागलं होतं. ती सवय अजून आहे, आणि त्याचं क्रेडिट त्यांचंच.

मग सोडलं का? लाईनमुळे. हसू नका, खरंच तेवढंच कारण आहे.

सोळा मुलं, एक गोल, एक लाईन. नंबर आला की सरांना पास द्यायचा, परत घ्यायचा, शॉट मारायचा, बॉल आणायला पळायचं आणि पुन्हा शेवटी जाऊन उभं राहायचं. तोवर मागची मुलं एकमेकांचे बिब ओढतायत, कोणी गवत उपटतंय, कोणी सिंहगडावर ढग आलेत का बघतंय. भर जुलै, ग्राउंडवर घोट्याएवढा चिखल, आणि आमच्या चिरंजीवांचे मोजे घरी येतात ते जवळपास गेले तसेच. बायको म्हणाली, अहो, हा खेळायला जातो का रेशनच्या रांगेत उभा राहायला? मी जमेल तेवढ्या नम्रपणे सरांना विचारलं तर म्हणाले, आम्ही तिकडे असंच करायचो. ते खोटं नसणार, पण तिकडे ते तीस वर्षांचे प्रो होते, आधी तासभर पळून झालेलं, दोन शॉटच्या मधे त्यांना दम घ्यायचाच होता. दहा वर्षांच्या पोराला कसला दम घ्यायचाय?

आताच्या सरांकडे चार विरुद्ध चार, कोन ठेवून केलेले छोटे गोल, सगळे एकाच वेळी खेळतात, बाहेर कोणी नाही. ते फारसं बोलत नाहीत, मधेच शिट्टी मारून विचारतात, आत्ता मोकळं कोण होतं? आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. डाव्या पायाने काही दाखवायला गेले की मुलं खो खो हसतात, तेही हसतात. मोज्यांचं म्हणाल तर पावसाळ्यात पांढरे घेणं आम्ही बंद केलंय.

मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे दाखले मिळतात, त्यामुळे माझंच खरं असं नाही म्हणणार. फ्रान्सचा एवढा मोठा खेळाडू आन्री २०१८ला मोनॅको क्लबचा कोच झाला आणि साधारण तीन महिन्यांत गेला, उलट त्याच्याच देशाच्या झिदानने कोच म्हणून रियाल माद्रिदला ओळीने तीन चॅम्पियन्स लीग जिंकून दिल्या. ब्राझीलचा झिको इटलीत खेळला, जपानमध्ये खेळला, मग जपानच्याच टीमचा कोच झाला, आणि पुढे एफसी गोवाचा कोच म्हणून टीम घेऊन आपल्या बालेवाडीतही येऊन गेला. आणि खालिद जमील? क्लब फुटबॉल सगळं भारतातच खेळला, २०१७ला मिझोरामच्या आयझॉल क्लबला आय-लीग ही देशातली लीग जिंकून दिली आणि २०२५मध्ये भारताचा कोच झाला.

तुमचा मुलगा पंधराचा असेल, बेसिक पक्कं असेल आणि पुढे खरंच ट्रायल वगैरे द्यायच्या असतील तर कदाचित मीही पहिल्यांकडेच पाठवीन, ओळखी आणि वरच्या लेव्हलची समज तिथेच मिळते. दहा-बाराचा असेल तर, माझ्यापुरतं, दुसरे.

ट्रायल सेशन मात्र रविवारी नका मागू, त्या दिवशी आईबाप जास्त असतात आणि सगळीकडेच शो चालतो. मधल्या एखाद्या दिवशी न सांगता जा, अर्धा तास कट्ट्यावर बसा, मोबाईल खिशात ठेवा. आणि घरी आल्यावर मोजे बघा.