सुपर ग्लू आणि खायचा सोडा : सात महिने वापरून झाल्यावर

जूनमध्ये खानापुरात पाऊस लागला आणि आमच्या वॉशिंग मशीनचा टायमरचा नॉब नुसताच गरगर फिरायला लागला, आतलं डी आकाराचं भोक झिजून गोल झालेलं. सर्व्हिसवाला बेळगावहून आला, म्हणाला नॉब सुटा मिळत नाही, पूर्ण पॅनल बदला, 1800 होतील. नुसतं बघायला आल्याचे 350 घेतले ते वेगळेच. एवढ्याशा प्लास्टिकला 1800 कशाला द्यायचे सांगा की!

मग पाच रुपयाची सुपर ग्लूची ट्यूब आणली. भोकाच्या झिजलेल्या बाजूला चिमूटभर खायचा सोडा टूथपिकने दाबला, वर एक थेंब. दोन-तीन सेकंदात दगड! असे तीन थर दिले, कानशीने घासून परत डी आकार काढला, आज जानेवारी संपत आला तरी नॉब टकाटक फिरतोय.

हा गम पाणी उडून वाळत नाही, ओलाव्यामुळे त्याच्या रेणूंची साखळी धरते आणि तो घट्ट होतो. अल्कली मिळाली की ते झटक्यात होतं, आणि सोडा अल्कलीच. बेकिंग पावडर घेऊ नका, त्यात आम्लही असतं, आम्लाने हा गम उलट मंद होतो. सोड्यावर थेंब पडला की गरम होतं आणि डोळे झोंबणारी वाफ येते, खिडकी उघडून करा. आणि सांडलेला गम सुती फडक्याने पुसू नका, कापसाशी तो तापतो, माझं बोट पोळलंय.

पहिले दोन महिने मी जो भेटेल त्याला सोडाच सांगत होतो. आता तसं सांगत नाही. चपलेचा तळ सोड्याने चिकटवला तर चौथ्या दिवशी कडकन तडा गेला, कारण तो थर कडक असतो, वाकत नाही. बादलीला तर गम नीट धरतच नाही, सोडा घाला नाहीतर काही घाला. नंतर आईच्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणाची मूठ तुटली, तिथं सोडा टाकला असता तर तुकडे नीट बसलेच नसते. स्वच्छ तुटलं असेल तर एकाच बाजूला अगदी पातळ थेंब, दुसऱ्या बाजूवर तोंडाने हाऽ करून वाफ सोडायची आणि मिनिटभर दाबून धरायचं, बास. जास्त गम घातला की जास्त वेळ लागतो, हे मला फार उशिरा कळलं. पावसाळ्यात तर वाफेचीही गरज पडली नाही, आता थंडीच्या कोरड्या हवेत पडते.

म्हणजे सोडा फक्त खड्डा, फट, झिजलेलं भोक भरायला.

उघडलेली ट्यूब वाया जाते याचं मला फार वाईट वाटायचं. आता टोपण घट्ट लावून, नव्या बुटांच्या खोक्यातली ती ओलावा शोषणारी पुडी सोबत घालून, घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवतो. डबी बाहेर काढली की अर्धा तास तशीच बंद ठेवायची, गार ट्यूबवर दव धरलं तर तोंडाशीच गम गोठतो. नोव्हेंबरची ट्यूब अजून चालू आहे.